नव्या फोनवरून प्रवेश

सासूबाईंचा फोन वाजला. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, वाचलं, आणि अशा काही ओरडल्या की धाकटा मुलगा अर्धी दाढी तशीच ठेवून न्हाणीघरातून धावत आला.

"जिवंत आहे! माझा मुलगा जिवंत आहे!"

फोनवर थोरल्याचं नाव होतं. त्याच्या खात्यात एका नव्या फोनवरून प्रवेश झाला आहे. वेळ, आत्ताची. ठिकाण, समुद्रकाठचं ते मोठं शहर, इथून रेल्वेनं जायला अख्खा दिवस लागतो. आईचा फोन थोरल्यानंच आपल्या खात्यावर सुरू करून दिला होता, म्हणून ही सूचना तिथे येऊन पडली.

थोरल्याची जीप गेल्या पावसाळ्यात पुलावरून नदीत गेली होती. जीप सापडली. तो सापडला नाही.

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात एक सेकंडहँड फोन होता, कालच आणलेला.

"आई, ते मी केलं. आत्ताच. पासवर्ड ठाऊक होता मला."

"तू कशाला करशील?"

"फोटो बघायला. माझा फोन बंद पडला तेव्हापासून एकही नाही माझ्याकडे. आणि तो स्कूटरचा व्हिडिओ."

मैदानात ती स्कूटर शिकत होती आणि तो मागून पळत पळत शूटिंग करत होता. त्यात तो कुठेच दिसत नाही. नुसतं त्याचं हसू ऐकू येतं.

सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू इथे माझ्यासमोर उभी. आणि हे शहराचं नाव वाच. मला काय दूधखुळी समजतेस?"

धाकटा घरोघर इंटरनेट जोडून द्यायचं काम करायचा. तो आईशेजारी टेकला. "अगं, ते ठिकाण चुकतं पुष्कळदा. फोन नेमका कुठे आहे ते त्यांना कळत नाही. नेट कुठून बाहेर पडलं तेवढं कळतं. आपल्या कंपनीचं मोठं केंद्र त्या शहरात आहे. आपल्या गल्लीतलं सगळं तिथूनच पुढे जातं. गिऱ्हाइकं घाबरून मला फोन करतात, घरात बसलोय आणि हा भलतंच गाव दाखवतो म्हणून."

"म्हणजे तो त्या केंद्रात कामाला लागलाय."

"आई!"

"मला वाटतच होतं. पट्टीचा पोहणारा तो, बुडतोय कसला! पळाला." त्यांनी सुनेकडे बोट केलं. "हिला कंटाळून पळाला."

इतके महिने सून ऐकत आली होती की तिनं नवरा खाल्ला. आज तिला कळलं, तो जिवंत निघाला असता तर तेही तिच्याच माथी आलं असतं.

"वहिनी," धाकटा म्हणाला, "खात्यातून बाहेर पडा आणि परत शिरा. आईच्या देखत."

तिनं तसं केलं. पासवर्ड एकदा चुकला. दुसऱ्यांदा लागला, आणि सासूबाईंच्या हातातला फोन वाजला. तेच नाव. तेच शहर.

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला. त्यांना पटलं होतं. पटलं हे त्या दोघांनाही दिसलं, आणि त्यांनी पाहिलं हेच सासूबाईंना सोसवलं नाही.

"खाली काय विचारतोय हा?" त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं.

"हे तुम्हीच आहात का, असं विचारतोय," सून जवळ येऊन म्हणाली. "होय दाबा, आई. फोटो यायला लागलेत. सगळे उतरवून घेते, तुम्हालाही देते."

"होय कसं? तू माझा मुलगा आहेस का?"

"आई, थांब—" धाकट्यानं हात पुढे केला.

त्यांनी 'नाही' दाबलं. अंगठा चांगला रुतवून दाबलं.

सुनेच्या फोनवर राखाडी चौकोन एकेक करून भरत होते. स्कूटरचा चौकोन नुकताच उजळला होता. पडदा पांढरा झाला. मग अक्षरं आली. खातं बंद केलं आहे, उघडायचं असल्यास नोंदवलेल्या नंबरवर पाठवलेला कोड टाका.

तिनं मागे जाऊन पाहिलं, बंद करून उघडून पाहिलं. तीच अक्षरं. धाकट्यानं आईच्या हातातून फोन ओढून घेतला. तिथेही तेच.

"काय केलंस हे? कोड दादाच्या नंबरवर गेला. तो नंबर कधीचा बंद आहे. आता कुणालाच काही दिसणार नाही, तुलासुद्धा नाही!"

सून खाली फरशीवर बसली. रडली नाही. पांढऱ्या पडद्यावर, स्कूटरचा चौकोन होता त्याच जागी, ती बोट दाबत राहिली.

सासूबाईंनी चष्मा काढला आणि पदराला पुसला.

"त्याच्याकडे गेलाय ना कोड?" त्या म्हणाल्या. "मग झालं तर. द्यावासा वाटला तर देईल तो हिला."