सवयीचे तक्रारदार

फिल्टर : सर्व

"हे लाल काय दिसतंय?"

साहेबांनी पडद्यावर पेन टेकवलं. कंपनी लिफ्ट दुरुस्त करायची. पडद्यावर शहरातल्या प्रत्येक लिफ्टचा एक चौकोन होता. लिफ्ट चालू असली तर हिरवा, बंद असली तर लाल. आज एकशे त्रेचाळीस लाल होते.

"बंद लिफ्ट आहेत, साहेब," संगणकावर बसलेली बाई म्हणाली.

"बंद आहेत ते ठीक आहे. दिसतायत कशाला, ते विचारतोय."

रिपोर्टला फिल्टर लावणं हे तिचं काम. हवं ते ठेवा, नको ते गाळा. अख्खं ऑफिस तिला गाळणीबाई म्हणायचं. तिने विभागाचा फिल्टर लावला होता, महिन्याचा लावला होता, इमारतीच्या उंचीचाही लावला होता. कसाही गाळला तरी लाल रंग खाली उतरतच होता.

फिल्टर : साहेबांच्या सोयीचे

मग साहेबांनी स्वतः डोकं चालवलं. एका लिफ्टबद्दल महिन्यात तीनहून जास्त तक्रारी आल्या, तर लिफ्ट बिघडलेली नसते, माणसं किरकिरी असतात. नवा फिल्टर : 'सवयीचे तक्रारदार वगळा'. कायम चालू. मिस्त्र्यांच्या कामाच्या यादीलाही तोच.

"पण साहेब, जिथे जास्त बिघाड तिथूनच जास्त—"

"बाई, रडणाऱ्या प्रत्येकाचं दुखतच असतं असं नाही."

तिने फिल्टर लावला. एकशे एकोणचाळीस लिफ्ट क्षणात दुरुस्त झाल्या, कुणाच्याही हाताला ग्रीस न लागता. उरलेल्या चार लिफ्ट मिस्त्र्यांनी दुपारपर्यंत उरकल्या आणि ते पत्ते कुटत बसले. ताप उतरला नव्हता. थर्मामीटर मात्र खिडकीबाहेर गेला होता.

फिल्टर : घरचे

सातवा मजला. तिचे वडील. डावा पाय प्लास्टरमध्ये. लिफ्ट तेवीस दिवस बंद.

"रोज तक्रार करा, बाबा, घासून घासून दगडही झिजतो," असं तिनेच सांगितलं होतं. बाबा शिस्तीचे. रोज सकाळी ठीक दहाला फोन. तेवीस दिवस, तेवीस तक्रारी. कंपनीच्या दप्तरी त्याहून जुनी तक्रार नव्हती. नवा फिल्टर लागला तसे सगळ्यात आधी बाबाच गळाले. गाळणी लेकीच्या हातातली.

"उद्या प्लास्टर काढायला जायचंय," बाबा फोनवर म्हणाले. "शेजारी म्हणतात, खुर्चीसकट उचलून नेतो. मी काय फ्रिज आहे?"

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "साहेब, तेवढी एक लिफ्ट यादीत घेता आली तर..."

"वशिला? आपल्याकडे?" साहेब मनापासून दुखावले. त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. खाली त्यांचीच सही होती. 'मिस्त्री यादीबाहेर जाणार नाही. जुनी तक्रार आधी. पद, ओळख, नातं, आरडाओरडा चालणार नाही.'

"नियम म्हणजे नियम, बाई."

मग साहेबांनी टॅब काखेत मारला आणि तो हिरवागार पडदा मालकांना दाखवायला ते नवव्या मजल्यावर निघाले. जिना होता. पण लिफ्टच्या कंपनीचे साहेब जिन्याने जातात, हे बरं दिसलं नसतं.

फिल्टर : पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये

पंधरा मिनिटांनी तिचा फोन वाजला.

"अहो बाई, मी अडकलोय! मालक वर वाट बघतायत. तक्रार नोंदवून दहा मिनिटं झाली, अजून एक मनुष्य फिरकला नाही."

"हातातल्या टॅबवर काय दिसतंय, साहेब?"

"सगळं हिरवं आहे!"

"अभिनंदन."

"थट्टा नको! माझी तक्रार का नाही दिसत?"

"आपली लिफ्ट या महिन्यात आधी तीनदा अडकली होती. तुमची चौथी तक्रार. तुम्ही सवयीचे झालात, साहेब. मिस्त्र्यांना फोन करून बघितला?"

"केला. यादीत आलात की निघतो म्हणे. वर मलाच माझा कागद वाचून दाखवला, सहीसकट!"

फोनमधून दारावर दोन लाथा ऐकू आल्या. दार कंपनीचंच होतं. मजबूत होतं.

"तो फिल्टर काढा. माझ्यापुरता."

"तसं होत नाही, साहेब. काढला की सगळ्यांचाच निघतो. मालकांपुढेही लाल येईल."

पलीकडे लिफ्टमधला पंखा दोनदा घरघरला. मग थांबला.

"काढ गं, काढ!" साहेब अहो-जाहो विसरले. "दिसू दे लाल! काढ!"

तिने फिल्टरपुढची बरोबरची खूण काढून टाकली. पडदा लालेलाल झाला. पलीकडच्या खोलीत मिस्त्र्यांच्या यादीचा कागद सरसरत छापून बाहेर पडला. पत्ते थांबले. खुर्च्या सरकल्या. हत्यारांच्या पिशव्या उचलल्या गेल्या.

"आलं का माझं नाव?"

"आलं, साहेब. एकशे चाळिसावं."

"एकशे— आणि पहिलं कोण आहे?"

तिने खिडकीतून खाली पाहिलं. मिस्त्र्यांची गाडी फाटकातून बाहेर वळत होती.

"एक किरकिरे म्हातारे आहेत," ती म्हणाली. "सातव्या मजल्यावर राहतात. नियम म्हणजे नियम, साहेब."