साडेसात इंच

नऊ-नऊ इंच उंचीच्या तेरा पायऱ्या चढवल्या, तर ठेकेदाराची अडीच फूट जागा वाचत होती. नियमाच्या साडेसात इंचांनी पायऱ्या सोळा झाल्या असत्या आणि जिन्याशेजारच्या त्याच्या ऑफिसात फिरती खुर्ची फिरलीच नसती. जन्मभर लोकांच्या घरांत सिमेंटच्या पोत्यावर बसलेल्या माणसाला स्वतःच्या घरात एक फिरती खुर्ची नको? त्याने तेराच चढवल्या.

भीती कुणाची होती? नियम अख्ख्या राज्याचा असला, तरी इथला इमारत निरीक्षक त्याचा सख्खा जावई.

"राज्याचा नियम राजधानीत," तो गवंड्यांना सांगे. "इथे आमचे जावईबापू."

वर्षभर खुर्ची गरागरा फिरली. मग एका सकाळी जावईबापू आले ते टेप घेऊनच. चहाला नको म्हणाले आणि थेट पायरीला टेप लावला.

"बाबा, नऊ इंच भरतंय. जिना पाडावा लागेल."

"वर्षभर हाच जिना चढून पत्ते कुटायला येता, तेव्हा नाही दिसला?"

"तेव्हा तक्रार नव्हती. लेखी तक्रार आल्याशिवाय आमचा टेप उघडत नाही, आणि आली की सासरे दिसत नाहीत."

"केली कुणी?"

"नाव सांगता येत नाही."

ठेकेदाराने शेजाऱ्यापासून सुरुवात करून अर्ध्या गल्लीचा उद्धार केला. बायको भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "आता पाडा की. नियम तो नियम."

जिना पडला. नव्या सोळा पायऱ्या ऑफिसात घुसल्या. खुर्ची भिंतीला गुडघे टेकून शिस्तीत बसली.

मंजुरीचा कागद आला त्या संध्याकाळी ठेकेदार बघतो तर बायको जिना चढतेय. न थांबता, न कण्हता.

"तू कुठे निघालीस?"

"आपलं वरचं घर बघायला. ते नऊ इंच चढवत नव्हते, बांधल्यापासून पाहिलंय कुठे?"

ठेकेदाराने आठवून पाहिलं. खरंच, वर ती त्याला कधी दिसलीच नव्हती.

"मग बोलायचंस तरी!"

"तोंडी वर्षभर सांगितलं," ती सोळाव्या पायरीवरून म्हणाली. "मग लेखी दिलं."

जिन्याचा खर्च ठेकेदाराचा झाला. तक्रारीची फीसुद्धा त्याच्याच शर्टाच्या खिशातून गेली होती.