सीटची उंची

रविवारी सायकली दामटून चहाला टेकलो की आमच्या बढाया सुरू होतात. “माझी कार्बनची फ्रेम एका बोटावर उचलता येते, बघ!”

नव्याने येऊ लागलेल्या काकांची सायकल सगळ्यांत भारी होती, पण सीट इतकी उंच की त्यांचे पाय जेमतेम पेडलला पोचायचे.

काका तोंड धुवायला गेले आणि कायम पाना बाळगणाऱ्या आमच्या पानेबुवांना राहवेना. त्यांनी खिशातला पाना काढून सीट काकांच्या मापाने खाली घेतली, वर सीटखालच्या दांडीवर जुन्या उंचीपाशी पडलेली मळाची रेघही पुसून टाकली.

“आता चालवून बघा, काका!”

काकांनी सीटवरून हात फिरवला. “आधी नेमकी कुठवर होती?”

कुणालाच सांगता येईना.



“मुलाची सायकल आहे. तो गेल्यापासून त्याची उंची तेवढी जपून ठेवली होती.”