रंभाबाईच्या हातची भाकर

रंभाबाईच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. चर्चच्या हॉलमध्ये बाकी कुठे बूड टेकायला जागा नव्हती; माणसं भिंतीला टेकून उभी राहिली, पण तिच्याजवळ कोणी बसलं नाही. तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली भाकर होती, उद्या उपासनेत मोडून वाटायची, प्रभुभोजनाची. ब्रिस्टलच्या मराठी मंडळीत ही भाकर पहिल्यापासून तीच भाजत आली होती. आता ती तिच्या हातून घ्यायची की नाही, हे आज ठरायचं होतं.

प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी तयारीची सभा भरवायची, ही नगरकडची रीत. ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्यानं सगळ्यांसमोर हात मिळवायचा, नाहीतर उद्या भाकर घ्यायला मेजापाशी यायचं नाही. इंग्लंडात येऊन लोकांनी लुगडी सोडली, पानतंबाखू सोडली, भाषासुद्धा अर्धी सोडली. ही रीत तेवढी सोडली नव्हती.

आळ घेतला होता शैलानं, गेल्या रविवारी, उपासनेनंतरच्या चहाला. तिच्या लेकीचं, मीनलचं लग्न शैलाच्या नवऱ्यानं, काशीनाथनं, एडिनबराच्या डॉक्टर मुलाशी जमवलं होतं. हॉल बुक झाला होता, केकची ऑर्डर गेली होती. आणि मुलाच्या घरी फोन गेला. नाव न सांगता कोणी बाई मराठीतून बोलली, की पोरीचं मन दुसरीकडे आहे, जबरदस्तीनं आणाल तर ती नांदायची नाही. बाईचा आवाज दाटलेला होता, म्हणे. ओळखू येऊ नये म्हणून असेल, असं मुलाकडचे म्हणाले. लग्न मोडलं. शैला म्हणाली, असली जीभ आपल्या मंडळीत एकाच बाईला आहे. त्यावर कोणी नाही म्हणालं नाही.

म्हणणार कोण? रंभाबाईनं सोडलं होतं कोणाला? पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की ती मोठ्यानं विचारायची, चर्चला आज कुलूप लावायचं आहे की नाही. सुनेच्या वरणाला ती पाहुण्यांदेखत गरम पाणी म्हणायची. काशीनाथला तर तिनं तोंडावर सांगितलं होतं की जावई शोधतोस की फर्निचर. तिची पुण्याई तिच्याच पुढ्यात वाढली गेली होती.

पण खरा फास वेगळा होता. रंभाबाईला ते ठाऊक होतं. महिन्यापूर्वी ग्लॉस्टर रोडच्या बसस्टॉपवर तिनं मीनलला एका गोऱ्या पोराबरोबर पाहिलं होतं, एका छत्रीत. पोर इतकी मनापासून हसत होती की बघता बघता रंभाबाईची बस निघून गेली. घरी येईपर्यंत ती बातमी जिभेवर निखाऱ्यासारखी फुलत होती. घरी आल्यावर ती तांब्याभर पाणी प्याली आणि तिनं ती बातमी गिळून टाकली. त्या हसण्यात काहीतरी होतं. जन्मात एकदा तिनं जीभ दातांआड ठेवली, आणि नेमक्या त्याच खेपेला ती चोर ठरली.

आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नव्हतं. सुटकेची वाट सरळ होती. उठायचं आणि सांगायचं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी कोणाला बोलले नाही. पण तेवढं बोललं की मीनल भर सभेत बापापुढं उघडी पडणार होती. काशीनाथ अजून तो फोन म्हणजे निव्वळ बदनामी समजत होता. न केलेल्या पापाचा डाग धुवायला रंभाबाईला तेच पाप करावं लागणार होतं.

पाळकसाहेब उभे राहिले. शास्त्राप्रमाणे दोष ठरवायला दोन साक्षीदार लागतात आणि इथे एकही नाही, असं ते म्हणाले. मग रंभाबाईकडे न बघता म्हणाले, काही सांगायचं असेल तर आताच सांगा.

मागच्या रांगेत मीनल मान खाली घालून रुमाल पिळत होती. रंभाबाईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मनाशी म्हटलं, न्याय करणारा वर बसलाय. त्यानं बसस्टॉप पाहिला असेल आणि फोनही ऐकला असेल. त्याला माझी साक्ष कशाला हवी?

ती उठली.

"माझं काही सांगणं नाही," ती म्हणाली. "हात पुढं करते. घ्यायचा तर घ्या. नाहीतर भाकर तेवढी ठेवून घ्या. पिठानं कोणाचं काही वाकडं केलेलं नाही."

कोणीतरी हसू दाबलं. शैला पुढं आली. तिचा हात बर्फासारखा गार होता. काशीनाथनं रंभाबाईच्या दुसऱ्या हातातली भाकर घेतली आणि मेजावर नेऊन ठेवली. शैलानं तिच्या गळ्यात पडून खांद्यावर डोकं टेकलं. साऱ्या मंडळीला वाटलं, बाईनं मोठ्या मनानं क्षमा केली.

शैला तिच्या कानाशी कुजबुजली. आवाज दाटलेला होता.

"मावशी, फोन मीच केला होता. पोर झुरून मेली असती तिथं, आणि ह्यांच्यापुढं बोलायची माझी छाती नाही. त्या दिवशी बसस्टॉपसमोरच्या लाँड्रेटमध्ये मी कपडे धुवायला आले होते. तुम्ही पाहिलंत, आणि महिनाभर कोणाला बोलला नाहीत. अख्ख्या ब्रिस्टलात आळ आला तरी पोटात ठेवणारं माणूस मला तुमच्याशिवाय दुसरं दिसलं नाही."