टी-शर्टावरचा अंगठा

वैभवीला मुलगी झाली ते २०२३ साल. बाळाचं नामकरण होऊन आठ दिवस झाले होते. डिसेंबरातल्या एका रविवारी, दुपारी चार वाजता, वैभवीची आजी कांताबाई धरमपेठेतल्या एका छोट्या सभागृहाच्या दारात भांडत होती.

"थैली बाहेर ठेवा, आजी," दारावरची मुलगी म्हणाली.

"बाहेर कुत्रे आहे. थैलीत पोळ्या आहे, एक कागद आहे. नाही ठेवत."

मुलीने नाद सोडला. तिच्या काळ्या टी-शर्टावर तळहाताएवढा पांढरा अंगठा छापला होता. अंगठ्याच्या रेषा कापत एक तिरपी काळी रेघ गेली होती.

"हे काय छातीवर घेऊन फिरून राहिली वं?"

"प्रीतमदादाच्या आईचा अंगठा आहे. त्याच्या बँडचं चिन्ह आहे ते. आज सगळ्यांनी घातलं आहे."

कांताबाईने उजवा हात पदराखाली घेतला आणि आत गेली.

सोबत धाकटी नात वेदिका होती. वेदिका पहिलीत असताना तिच्याच पुस्तकावरून कांताबाई वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकली. सक्करदऱ्याच्या भिंतीवरचं या कार्यक्रमाचं पोस्टर तिने स्वतःच वाचलं होतं. 'आईचा अंगठा'. दोन शब्द लावायला तिला वेळ लागला नाही. घरी येऊन ती जेवली मात्र नाही.

"आजी, हा पंक गाते," वेदिका म्हणाली. "म्हणजे आरडाओरडा असते, शिव्या असते. पण आज गाणं नाही. एकटा उभा राहून बोलणार. तू याले ओळखतं काय?"

"याच्या अंगावर चड्डी नव्हती तवापासून."

"मंग भेटाले आली?"

"थांबवाले आली. मायले असं चारचौघांत उभं करते. लाज नाही त्याले."

प्रीतम आला. अडतीस वर्षांचा, काटकुळा. डोक्याच्या दोन्ही बाजू तासलेल्या, मधोमध हिरवे केस ताठ उभे.

"कोंबडा दिसून राहिला," कांताबाई म्हणाली. पुढच्या रांगेतली पोरं वळून हसली.

प्रीतमने गिटार जमिनीवर ठेवली आणि माईक तोंडाशी धरला.

"एकोणीसशे त्र्याण्णव. मी आठ वर्षांचा. माझा बाप प्रेमानंद गटाराच्या चेंबरात उतरला. अंगावर नुसती चड्डी, कमरेला दोरी. वर दोरी धरून शेजारचा धोंडबाकाका. दोरी ओढली तेव्हा बाप मेलेला होता."

प्रीतमने माईक दुसऱ्या हातात घेतला.

"माझ्या बापानं जन्मात दारूला हात लावला नाही. एकवीस वर्षांचा झालो तेव्हा माहितीच्या अधिकारात कागद मागवला. घरच्यांचा जबाब. काय लिहिलं होतं? मयत दारू पिऊन होता, सांगूनही ऐकला नाही, ठेकेदाराचा दोष नाही. खाली अंगठा."

मागच्या पडद्यावर अंगठा उमटला. माणसापेक्षा मोठा.

"बापाच्या जिवाची किंमत, एक अंगठा. माझ्या अडाणी आईचा. मी तो कागद तिच्यापुढे फेकला. तिनं उचलला. बराच वेळ अंगठ्याकडे पाहिलं. मग घडी घालून परत दिला आणि पोळ्या लाटायला बसली. एक शब्द नाही. मी त्याच दिवशी घर सोडलं. सतरा वर्षं झाली."

टाळ्या पडल्या. कोणीतरी शिटी मारली. कांताबाई उभी राहिली.

"चूप बसा रे. टाळ्या कायच्या वाजवता?"

वेदिकाने पदर ओढला. कांताबाईने तो सोडवून घेतला.

"प्रीतम, अडाणी म्हणून कोणाले हिणवतं गा? ठेकेदार शिकेल होता. कागद लिवणारा शिकेल होता. त्याहिच्या नावानं बोंबल. तुह्या अंगावर त्याहिचं चित्र काहून नाही?"

प्रीतमच्या डोळ्यांवर दिवे होते. त्याने हात आडवा धरला. "कोण आहे?"

"अंगठा काहून देल्ला, इचारलं होतं काय?"

"काय विचारायचं होतं? अंगठा समोर होता."

"समोर होता. मायच्या हातासंग लावून पायला काय?"

कांताबाई रांगेतून बाहेर आली. रंगमंचाच्या पायरीपाशी थांबून तिने उजवा अंगठा उजेडात धरला. पेरावरून तिरपा, जुना विळ्याचा घाव गेला होता. पडद्यावर होता तसाच.

पोरं उठून उभी राहिली. "आई आली," कोणीतरी म्हणालं. मोबाइल वर झाले. दारावरची मुलगी रडायला लागली. टाळ्या थांबेनात.

प्रीतम पायऱ्या उतरून खाली आला. त्याने आधी अंगठा पाहिला. मग दिव्यांच्या झोतातून बाजूला होऊन तिचं तोंड पाहिलं.

"कांतामावशी?" तो म्हणाला.

टाळ्या एकेक करून थांबल्या.

"तुह्या मायनं ठेकेदाराले तीनदा हाकललं," कांताबाई म्हणाली. "मंग तो कागद घेऊन आमच्या घरी आला. घरच्या बाईचा अंगठा पायजे, कोणत्या बाईचा ते कोण पायते म्हणे. नाही तर माह्या नवऱ्याचं, धोंडबाचं काम जाईन. मी देल्ला. वाचता येत नव्हतं, पण खोटं आहे हे समजत होतं. तू कागद फेकला तवा तिनं हा घाव वळखला. रोज माह्या हातचा चहा पेत होती ते. मले बी बोलली नाही, तुले बी नाही."

प्रीतमच्या हातातला माईक अजून चालू होता. "घरी आहे ना ती? चला. आत्ताच जाऊ."

कांताबाईने थैलीतून मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाचं कार्ड काढलं आणि शब्दांखाली तोच अंगठा सरकवत माईकमध्ये वाचलं. सत्यवती प्रेमानंद. सक्करदरा. मृत्यू ७ नोव्हेंबर २०२३, मंगळवार.