तळाचा व्हॉल्व्ह

"थंडाव्याचं पाणी बाहेर पडत नाहीये," मिस्त्री बोटीच्या मागच्या बाजूनं ओरडला. "बंद करा, चीफ."

चीफनी जनरेटर बंद केला. जन्मभर जहाजांची इंजिनं सांभाळून ते निवृत्त झाले होते, म्हणून धक्क्यावर सगळे त्यांना चीफच म्हणत. आणि आता स्वतःच्या छोट्या बोटीवरचा टीचभर जनरेटर त्यांना दाद देत नव्हता. सकाळी छान चालला. दुपारी जेवण आटोपून पुन्हा सुरू केला, तर तापून लाल.

हवामान निवळलं की किनाऱ्याकिनाऱ्यानं महिनोन्‌महिने भटकायचं, हे त्यांनी नोकरीत असतानाच ठरवलं होतं. एकट्यानं, कारण बायकोला बोट लागायची. "जा की," ती म्हणाली होती. "मला काय, सवय आहे."

दोघांनी गाळणी काढून पाहिली. स्वच्छ. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या गरम पाण्यात टाकला. बरोबर उघडला. शेवटी पंपाचं झाकण काढलं, तर आतल्या रबरी चाकाची पाती पुन्हा झडलेली. चाक अगदी परवाच बदललं होतं.

"कोरडा फिरलाय," मिस्त्री म्हणाला. त्यानं पायाखालची फळी उचलून आत डोकावलं. "व्हॉल्व्ह बंद आहे, चीफ. परत."

समुद्राचं पाणी त्याच व्हॉल्व्हमधून आत यायचं. तो बंद केला की जनरेटरची किल्ली त्याच्या दांड्याला अडकवायची, म्हणजे व्हॉल्व्हला हात लावल्याशिवाय किल्ली मिळत नाही. कितीतरी पोरांना चीफनी हे शिव्या घालून शिकवलं होतं. आज किल्ली स्विचमध्येच होती.

मिस्त्रीनं दांडा ओढला, मग पाना लावला. हलेना.

"सरक." त्याच्याकडे पाठ करून चीफ वाकले आणि क्षणात व्हॉल्व्ह उघडला. भंगारातल्या जहाजावरून आणून त्यांनीच तो बसवला होता. "याची खोड मला एकट्यालाच ठाऊक आहे," ते नेहमीच्या ऐटीत म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला.

मिस्त्रीनं नजर चुकवली. "पात्यांचे तुकडे कूलरमध्ये अडकले असतील," तो म्हणाला. "ते शोधतो."

चीफ वर आले. बायको डेकवर घडीच्या खुर्चीत विणत बसली होती. रोज दुपारी ती डबा घेऊन यायची, पण शिडी उतरून खाली कधी गेली नाही. डिझेलच्या वासानं तिला मळमळायचं. जेवण झालं की चीफ धक्क्यावरच्या नळावर जाऊन डबा घासून आणत. उभ्या संसारात बाबांनी आईला केलेली मदत ती एवढीच, असं लेक चिडवायची.

"काय बिघडलंय?" बायकोनं विचारलं.

"मी," चीफ म्हणाले. "व्हॉल्व्ह मीच बंद करतो आणि मलाच आठवत नाही."

"वय झालं आता. एवढं मनाला लावून घेऊ नका."

"भर समुद्रात एकटा असताना विसरलो तर?"

ती विणकाम बाजूला ठेवून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती अशी जवळ बसल्याचं चीफना कितीतरी वर्षांत आठवत नव्हतं. पण आता स्वतःच्या आठवणीवर त्यांचा भरवसा तरी कुठे उरला होता?

लेक त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरला काहीच सापडलं नाही. चीफनी ते कानाआड केलं आणि बोट विकायला काढली.

एका दातांच्या डॉक्टरनं ती घेतली. ताबा द्यायच्या दिवशी खाली उतरायचा चीफना धीर होईना. मिस्त्री यायचा होता, तोवर नवा मालक एकटाच खाली गेला. चीफ डेकवर उभे राहून रिकाम्या धक्क्याकडे पाहत होते. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. शेजारी बायको शेवटची वस्तू म्हणून घडीची खुर्ची आवरत होती.

"अहो, हा खालचा व्हॉल्व्ह काही केल्या हलत नाहीये," खालून आवाज आला.

चीफ नाइलाजानं शिडीकडे वळले.

"आधी दांडा जरासा वर उचला," खुर्चीचा पट्टा बांधता बांधता बायको म्हणाली, "आणि मग फिरवा."