इंग्रज समुद्रावर का गेले

समुद्राने माणसाला मोकळं केलं, असं शिवानीच्या इतिहासाच्या पुस्तकात छापलं होतं. अमिरातीतल्या फुजैराच्या बंदरात बारा वर्षं घालवलेल्या तिच्या बापाला, जगन्नाथला, मात्र मिरजेला जाता येत नव्हतं. तिथे त्याची आई आयसीयूत होती आणि पासपोर्ट, कंपनीच्या रिवाजाप्रमाणे, इंग्रज साहेबाच्या तिजोरीत. त्याने ऑफिसला फोन लावला. शेजारी शिवानी गृहपाठाला बसली होती. “पप्पा, ट्यूडर्सच्या टाइमला इंग्लिश लोक समुद्रावर का गेले?” “मसाल्यासाठी.” “अँड काँसिक्वेन्सेस?” तेवढ्यात पलीकडून सेक्रेटरी म्हणाला, “चाबी साबके पास है, हबीबी. साब छुट्टीपे अपनी बोट लेके समुंदरमें. पंद्रह दिन फोन नहीं लगेगा.” “अरे, माँ जाएगी मेरी!” “मैं क्या करूँ, भाई?” जगन्नाथने रिसीव्हर ठेवला. “काँसिक्वेन्सेस, पप्पा!” “किल्ली त्यांच्याकडेच राहिली,” तो म्हणाला. शिवानीने तेच लिहिलं. आई मंगळवारी गेली. साहेब पंधरवड्याने रापून परतला. पासपोर्ट मागताक्षणी मिळाला.